एकघोट महाराजांची पुडी

रविवारी सकाळी नऊ वाजता गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती. पूर्वी तिथे सिमेंटची पोती रचलेली असायची, आता माणसं रचली होती. पुढे बायका, त्यांच्या शेजारी माना खाली घातलेले नवरे, मागे नुसते बघे. माझ्या एका हाताला आई, दुसऱ्या हाताला भावजय, तिच्या पलीकडे माझा धाकटा भाऊ. आणि समोर, फळ्या टाकून केलेल्या मंचावर, जाडजूड गादीवर एकघोट महाराज.

हे नाव लोकांनीच ठेवलेलं. महाराज दारू सोडवतात आणि तीही एका घोटात, म्हणून एकघोट. नावाप्रमाणे माणूस आटोपशीर असेल असं वाटलं होतं, पण बोलायला लागले की थांबायचं नाव नाही.

"बाळांनो," महाराज माईकमधून म्हणाले, "आजवर तुम्ही तिला पीत नव्हतात, ती तुम्हाला पीत होती. आज मी तिचा घोट घेणार. तुम्ही फक्त तोंड उघडा, बाकी सगळं माझ्यावर सोडा."

मी औषधांच्या दुकानात तेवीस वर्षं काढली आहेत. 'बाकी सगळं माझ्यावर सोडा' म्हणणारे विक्रेते आमच्याकडे रोज येतात. त्यांच्याकडे निदान छापील माहितीपत्रक तरी असतं.

पहिला मंचावर गेला एक बसचालक. दांडगा गडी, पण गोगलगायीसारखा पायऱ्या चढला. महाराजांनी त्याला छोट्या पेल्यात घोटभर दारू दिली आणि डोक्यावर हात ठेवला. पाच-सात मिनिटं काहीच झालं नाही. महाराज डोळे मिटून बसले होते, लोक श्वास रोखून. मग त्याचा चेहरा लाल व्हायला लागला. मान लाल, कान लाल, डोळ्यांत रक्त उतरल्यासारखं. तो छाती धरून खाली बसला आणि भडाभडा ओकला.

"बघा," महाराज शांतपणे म्हणाले, "आत तिला जागाच उरली नाही."

अख्खं गोदाम हळहळलं, मग टाळ्या वाजल्या. माझी आईही वाजवत होती. आणि पुढचं नाव माझ्या भावाचं होतं.

आता हे सांगायला हवं, की माझा भाऊ त्या दिवशी पिणारा नव्हता. अकरा महिने आणि चार दिवस त्याने थेंबाला स्पर्श केला नव्हता. तो काचा बसवतो. खिडक्यांच्या, दुकानांच्या, कपाटांच्या. हात थरथरत असताना काच कापता येत नाही. पिण्याच्या दिवसांत त्याने एवढ्या काचा फोडल्या की गिऱ्हाइकांनी दार दाखवलं. मग कुणीतरी त्याला एका गटात नेलं. मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी सहा वाजता, शाळेच्या एका वर्गात पंधरा-वीस माणसं लहान मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसतात. एकेकाने उभं राहायचं, 'मी दारुडा आहे' म्हणायचं, न पिता किती दिवस झाले ते सांगायचं आणि आपली कहाणी सांगायची. बाकीच्यांनी ऐकायचं. ना फी, ना औषध, ना उपदेश. भावाला तिथे नेणारा एक शिंपी होता, नऊ वर्षं न प्यालेला. भाऊ त्याला काका म्हणायचा. अडला-नडला की दिवसातून चारदा फोन करायचा.

मला त्या गटाचं फारसं काही वाटलं नव्हतं. मी गोळ्या-औषधांची माणूस. "गप्पा मारून कुठे आजार बरा होतो?" असं मी त्याच्या तोंडावर म्हटलं होतं. घरच्या माणसांचीही एक बैठक असते, ये म्हणून त्याने दोनदा विचारलं, तर मी म्हणाले, "दुकान कोण बघणार?"

आईचं दुखणं वेगळं होतं. तिला ते उभं राहून सांगणं सोसत नव्हतं. हा जिन्यात पडून राहायचा, लेकीच्या शाळेत झिंगून गेला होता, हे सगळं तो परक्या वीस लोकांपुढे सांगतो म्हणजे काय? "घरातलं झाकायचं असतं, चव्हाट्यावर मांडायचं नसतं," ती म्हणायची. "आणि आयुष्यभर काय बैठकाच करायच्या? एकदाचा काय तो निकाल लागू दे." महाराजांकडे निकाल होता. एक घोट, आणि पुन्हा कधी कुठे जायची गरज नाही. आई त्यावरच भुलली.

भाऊ मंचावर जायला तयार नव्हता. "मी पीत नाही, आई. मग कशाला घोट घेऊ?"

"शेवटचा. मुळापासून जाईल म्हणतात."

"मला पेल्याला हातसुद्धा लावायचा नाही."

"गेला नाहीस तर माझं मेलेलं तोंड बघशील," आई म्हणाली. शेजारच्या चार बायका वळून बघायला लागल्या. भावाने माझ्याकडे पाहिलं. आणि मी, शहाणी, काय केलं? खांदे उडवले. मला वाटलं, घोटाने काय होतंय, उलट या बुवाचं पितळ उघडं पडेल. तो गेला.

सहाव्या मिनिटाला त्याचा चेहरा लाल झाला.

हे लाल होणं मला ठाऊक होतं. आमच्या दुकानात तिसऱ्या फळीवर, मागच्या बाजूला, एक गोळी असते. डॉक्टरांची चिठ्ठी असल्याशिवाय आम्ही ती देत नाही. दारू सोडायची ठरवलेल्या माणसाला डॉक्टर ती देतात, तपासून, समजावून, त्याच्या संमतीने. दारू पोटात गेली की शरीर आधी तिचं एक विष बनवतं आणि मग ते विष मोडतं. ही गोळी ते मोडायचं काम अडवते. विष साचतं. तोंड लाल, छातीत धडधड, उलटी. दारू जास्त असेल आणि हृदय कच्चं असेल तर माणूस जातोसुद्धा. गोळी खोटी नाही, चांगली आहे. ज्याला माहीत आहे त्याच्यासाठी.

भाऊ मंचावर ओकत होता आणि मी भावजयीचं मनगट धरलं. "त्याला काय खायला घातलंस?"

"काही नाही, वन्सं."

"काय घातलंस?"

ती रडायला लागली. "शुद्धीची पुडी. आठ दिवस रोज रात्रीच्या जेवणात. नवऱ्याला कळलं तर गुण जातो म्हणाले."

वर महाराज नियम सांगत होते. एक, बायकांनी 'शुद्धी' चालू ठेवायची, कशाची ते बायकांनाच माहीत. दोन, तिचं नाव जिभेवर आणायचं नाही, 'दारू' म्हटलं की ती परत आली समजा. तीन, जिथे तिचं नाव घेतलं जातं तिथे बसायचं नाही. तिसरा नियम सांगताना त्यांनी भावाकडे रोखून पाहिलं, कारण आईने त्यांच्या कानावर शाळेच्या वर्गाची गोष्ट आधीच घातली होती. गटात गेलं तर कुणीतरी डॉक्टरचं नाव काढणार, कुणीतरी गोळीचं. महाराज अगदीच कच्च्या गुरूचे चेले नव्हते.

त्या दिवशी घरी जाऊन मी भावाला समोर बसवायला हवं होतं आणि सगळं सांगायला हवं होतं. एवढंच काम होतं. पण माझ्या डोक्यात तो मंच बसला होता. याला सांगितलं तर हा जाऊन भांडेल, महाराज सावध होतील, पळतील. त्यापेक्षा पुढच्या रविवारी भर गोदामात उघडं पाडू. मी भावजयीकडून उरलेल्या पुड्या घेतल्या आणि तिला म्हटलं, "त्याच्या जेवणात आता काही घालू नकोस. आणि तोंड उघडू नकोस." तिने मान हलवली. दोघींनी मिळून गुपित ठेवलं.

दुकानासमोर दवाखाना असलेल्या डॉक्टरांना मी बेत सांगितला. ते म्हणाले, "हा शुद्ध मूर्खपणा आहे. एखादी पुडी तपासायला पाठव, पोलिसांत दे."

"पोलीस दर रविवारी तिथे गर्दी आवरायला असतात," मी म्हणाले. "आणि लोकांना कागद दाखवून काय होणार? त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय, त्यांना डोळ्यांनीच दाखवायला हवं."

त्यांनी माझं हृदय तपासलं, रक्तदाब पाहिला, मला दोनदा शिव्या घातल्या आणि शेवटी बॅग घेऊन येतो म्हणाले. मी पाच दिवस रोज एक पुडी पाण्यातून घेतली. जन्मात दारू प्यायले नव्हते, तेव्हा परीक्षा चोख होणार होती.

भाऊ त्या आठवड्यात गटात गेला नाही. मंगळवारी शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन परत आला, हे मला नंतर कळलं. आत जाऊन काय सांगणार होता? अकरा महिने चार दिवस संपले होते. तो घोट आम्ही पाजला होता, पण मोजायचं त्याला होतं, पुन्हा एकपासून.

पुढच्या रविवारी मी सरळ मंचावर चढले. "महाराज, मलाही घोट द्या."

गोदामात खसखस पिकली. महाराज हसले. "तुमच्या घरी कोण घेतं, ताई?"

"मीच घेते असं समजा."

त्यांना वाटलं, आयतं गिऱ्हाईक आलं, काही होणार नाही, मग 'हिची श्रद्धा नाही' म्हणून मोकळे होऊ. त्यांनी पेला दिला. कडू आणि जळजळीत, याच्यासाठी लोक घरदार का घालवतात कोण जाणे. मी माईक घेऊन बोलायला सुरुवात केली की मी कधीच पीत नाही, मी यांच्या पुड्या खाल्ल्यात, आता बघा. पुढचं बोलता आलं नाही. कानशिलं तापली, छातीत घण पडायला लागले, मंच गरगरला आणि मी महाराजांच्या गादीवरच ओकले. हे मात्र ठरवलेलं नव्हतं.

आणि महाराजांनी काय केलं असेल? हात वर केले. "पाहिलंत? औषधाच्या दुकानात बसून, औषधाच्या नावाखाली काय काय पोटात जात होतं. ताई, आज तुमचीही सुटली."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मागून कुणीतरी ओरडलं, "ताई, अभिनंदन." आईने तोंड झाकून घेतलं. पाच दिवसांची तयारी, आणि दोन मिनिटांत मी गावातली अट्टल बेवडी ठरले. डॉक्टरांनी मला आडवं केलं, नाडी धरली. मी तिथे पडल्या पडल्या बोलायचा प्रयत्न करत होते, पण तोंडातून शब्द फुटेना. सगळं हातातून गेलंय, एवढंच कळत होतं.

मग डॉक्टर उठले आणि त्यांनी माईक घेतला. आवाज चढवला नाही. गोळी म्हणजे काय, पुडीत काय आहे, लाल का होतं, सगळं चार वाक्यांत सांगितलं. मग म्हणाले, "माझ्यावर विश्वास ठेवू नका. एकच सांगा. कुणाच्या घरी पुड्या मध्येच संपल्या होत्या का? तेव्हा काय झालं?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग एका ट्रकवाल्याची बायको उभी राहिली. "मी तीन आठवडे माहेरी होते. पुडी घालायला कुणी नव्हतं. परत आले तर हा ढोसून पडलेला. ना लाल, ना उलटी. महाराजांना विचारलं तर म्हणाले, तूच ते नाव उच्चारलं असशील."

"मलाही तेच म्हणाले," पलीकडून दुसरी म्हणाली.

"आणि मला. पुड्या संपल्यावर मी पंधरा दिवस मुकी राहिले, तरी तो प्यायचा तो प्यायलाच." ही तिसरी.

मागच्या रविवारचा बसचालक पुढेच बसला होता. तो बायकोकडे वळला आणि हळूच म्हणाला, "जेवणात?" तिने मान खाली घातली. मग सगळ्या गोदामात एकेक पुरुष आपल्या बायकोकडे वळून बघायला लागला. कुणी शिवी दिली नाही, कुणी हात उगारला नाही. तेवढ्यात महाराज मागच्या दाराने गेले. दुपारी गोदामाला कुलूप होतं. मी जिंकले होते म्हणायचं.

घरी भाऊ खिडकीपाशी बसला होता; पुडीचं सगळं भावजयीने आल्या आल्या त्याला सांगून टाकलं होतं. मला धड उभंही राहता येत नव्हतं, तरी मी त्याला बजावलं, "पुडीचा अंमल चौदा दिवस राहतो. तुझी शेवटची मागच्या रविवारच्या आदल्या रात्री झाली. अजून आठवडाभर चुकूनसुद्धा घेऊ नकोस."

"ताई, तुला कधी कळलं?"

"काय?"

"पुडीचं."

"मागच्या रविवारी. तू मंचावर होतास तेव्हाच."

त्याने बोटांवर दिवस मोजले, बिलकूल घाई न करता. "म्हणजे आठवडाभर तू मला सांगितलं नाहीस."

"अरे, तो पळाला असता."

"पळू द्यायचा." तो रागावलाही नव्हता. "आईने ठरवलं मी काय प्यायचं. हिने ठरवलं मी काय खायचं. तू ठरवलंस मला काय कळायचं. आणि मी आठवडाभर काय समजत होतो, ठाऊक आहे? की माझ्यातच काहीतरी सडलंय, म्हणून घोटभर दारूने एवढं झालं."

मी म्हटलं, "मंगळवारी गटात जा." ज्या गटाला मी गप्पा म्हटलं होतं तिथे. तो नुसता हसला.

मंगळवारी तो गेला नाही. बुधवारी दुपारी तो प्यायला. घोटभर नाही, पोटभर. कामावरून एक काच अर्धी बसवून उठला आणि तडक गुत्त्यात गेला. त्याला गोळीचं माहीत होतं, दिवसही माहीत होते. गुत्तेवाल्याने भावजयीला निरोप पाठवला तेव्हा तो फरशीवर पडला होता, लाल नव्हे, पांढराफटक. दवाखान्यात रक्तदाब सापडेना. डॉक्टर धावत होते, आणि मी खाटेच्या पायथ्याशी उभी राहून सलाइनच्या थेंबांकडे बघत होते. प्रत्येक औषधाचं नाव मला येत होतं. कुणीही मला काही विचारत नव्हतं.

गुरुवारी सकाळी त्याने डोळे उघडले. शुक्रवारी शिंपीकाका आले, गळ्यात मोजायची पट्टी तशीच, दुकान अर्धं टाकून. मी त्यांना दारातच गाठलं. "काका, त्याला जरा समजावा. मरता मरता वाचलाय. खडसावून सांगा."

"मी समजावत नाही, ताई," ते म्हणाले. "मला ते जमतही नाही. मी माझंच सांगतो. मी दारुडा आहे. मलाही असंच एकदा आणून टाकलं होतं, तिकडच्या वॉर्डात. तीनदा सोडली, तीनदा धरली. मग लोकांनी मला बाकावर सरकून जागा दिली."

"आणि याने पुन्हा धरली तर?"

"तर मी पुन्हा येईन."

"एवढंच?"

"एवढंच आहे आमच्याकडे," काका म्हणाले आणि आत गेले.

मी त्यांच्या मागोमाग गेले, खाटेपाशी स्टूल ओढलं, बसले. काय बोलतात ते मला ऐकायचं होतं. चुकलं तर दुरुस्त करायचं होतं. भावाने उशीवरून मान वळवली. दोन दिवसांत तो पहिल्यांदाच माझ्याशी बोलला.

"ताई, तू बाहेर जा. मला काकांशी बोलायचंय."

मी उठले. बाहेर बाकावर आई आणि भावजय बसल्या होत्या. आईने विचारलं, "पलीकडच्या गावात एक बाई आहेत म्हणे, नुसत्या फुंकरीने..." आणि मग माझं तोंड बघून तीच गप्प झाली.

मी तिचा हात धरला आणि तिला सांगितलं, तेच तुम्हालाही सांगते. फुंकर, घोट, पुडी, असलं काही नसतं. आजार असेल तर डॉक्टर असतो, आणि डॉक्टर जे देईल ते त्या माणसाला सांगून द्यायचं, चोरून नाही. त्याचं भलं करायचं म्हणून त्याच्यापासून लपवाल, तर तुमच्यात आणि त्या महाराजात फरक फक्त गादीचा. आणि गोळीने फार तर आजचा दिवस टळतो. उद्यासाठी त्याला अशी माणसं लागतात, जी तिथूनच उठून आलेली आहेत. ती आपण नाही, कितीही रक्ताचे असलो तरी. त्याला त्यांच्याकडे जाऊ द्या. जातो म्हणाला तर लाजू नका, झाकू नका, आणि दुकानाची सबब सांगू नका.

"पण तो पुन्हा पिणार नाही ना?" आईने विचारलं.

"मला माहीत नाही, आई."

"मग आत काय चाललंय तेवढं तरी बघून ये."

"नको," मी म्हणाले. "त्याने आपल्याला बाहेर बसायला सांगितलंय."

आम्ही तिघी तिथेच बसून राहिलो.